जुन्या कर्जदाराला महाग, नव्याला स्वस्त : तुमचे अनुभव सांगा

मानपाडेकर:
काल शेजारचं नवीन जोडपं पेढे घेऊन आलं, गृहकर्ज मंजूर झालं म्हणून. व्याज ७.६. कर्ज देणारी कंपनी आमचीच! आमचं अजून ९.४ चालू आहे. पेढा हातातच राहिला.

२०२१ आठवलं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, तेव्हा ४ टक्क्यांवर होता, सगळीकडे व्याज उतरलेलं. मी रजा टाकून शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ती ऑफर नवीन ग्राहकांसाठी आहे." २०१४ पासून एक हप्ता चुकलेला नाही. ह्यांचा पगार दोन महिने अडकला तेव्हा बांगड्या गहाण ठेवून भरला. आणि जुने म्हणून आम्हीच जास्त भरायचं? त्या दिवशी मी नितीन कंपनीच्या चौकापर्यंत चालत आले, रिक्षा करायचंही सुचलं नाही. तुमच्याकडे असं झालंय का?

कळवा_पूर्व:
झालंय. कन्व्हर्जन फी, म्हणजे दर बदलायचं शुल्क, भरून दर कमी करून देतात पण आपणहून कधीच सांगत नाहीत. मी अर्जात लिहिलं की कर्ज दुसरीकडे नेतोय, फोरक्लोजर लेटर (कर्ज मुदतीआधी बंद करायला किती भरायचं ते पत्र) द्या. दुसऱ्या दिवशी फोन! दीड टक्का कमी झाला. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, घाबरू नका.

गाळा_नं_सांगत_नाही:
वाशी मार्केटला कांदाबटाटा. मी आणि भाऊ एकाच बिल्डिंगमध्ये एकाच मजल्यावर, घरं पण सारखी. तो नोकरदार. मी तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटी सगळं दिलं तरी मला १ टक्का जास्त. साहेब म्हणतो धंद्याचं उत्पन्न स्थिर नसतं. पहाटे तीनला उठतो मी, पंधरा वर्षं. गाडी आली, नंतर लिहितो

सोनचाफा:
मानपाडा म्हणजे टिकुजिनीवाडीच्या रस्त्याला का ताई? माझी आत्या तिकडेच राहायची, लहानपणी मे महिना तिथेच जायचा. तेव्हा केवढी झाडी होती

मानपाडेकर:
हो गं, तिथून जवळच. झाडी आता येऊरकडे बघितली की दिसते तेवढीच.

ऐरोली_सेक्टर:
मानपाडेकर ताई, तुमची बँक नाही, हाउसिंग फायनान्स कंपनी (फक्त घरासाठी कर्ज देणारी) दिसतेय. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायची सक्ती बँकांना आहे, या कंपन्यांना नाही. माझं बँकेचं रेपोवालं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो १ टक्का उतरला, तो मला तिमाही रीसेटला, म्हणजे दर तीन महिन्यांनी व्याज बदलतं तेव्हा मिळाला. मिस्टरांच्या बहिणीचं कंपनीचं, तिला पाव टक्का, तोही भांडून.

खारीगाव:
आमचं कर्ज २०२२ ला फिटलं. घराचे मूळ कागद चार महिने दिले नाहीत. आज म्हणे कागद मुंबईच्या गोदामात, उद्या म्हणे पुण्याला. बाबांच्या ऑपरेशनसाठी घर विकायचं होतं, ठरलेलं गिऱ्हाईक गेलं. पुढचं गिऱ्हाईक तीन लाख कमी देऊन गेलं. आता नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून: कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद द्यायचे, चूक त्यांची असेल तर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये. आमच्या वेळी नव्हता.

सोनचाफा:
अरे देवा. बाबा कसे आहेत आता?

खारीगाव:
बरे आहेत. रोज मासुंदा तलावाला फेरी मारतात. भाड्याच्या घरातून.

कोपरखैरणे_१२:
घाईत. सगळ्यांनी तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. बँक असेल आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, १४४४८ ला माहिती मिळते. हाउसिंग फायनान्स असेल तर राष्ट्रीय आवास बँक. माझा दीर चुकीच्या ठिकाणी तक्रार करून दोन महिने बसला. कुकर झाला, जाते

गाळा_नं_सांगत_नाही:
आलो. कळवावाले, ते फोरक्लोजरचं धंदेवाल्याला पण चालतं का? घराचंच कर्ज आहे, माझ्या नावावर.

कळवा_पूर्व:
चालतं दादा. घर आणि फ्लोटिंग, एवढं बघा. सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र) काढून ठेवा.

मानपाडेकर:
अर्ज लिहिला. ह्यांनी रजा टाकली आहे, सोमवारी दोघं जातोय.

कोपरखैरणे_१२:
दोन प्रती न्या. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.