टोमॅटियो बाहेर लावायची घाई नको, आणि एकच रोप नको
‘शेवटचा फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) गेला की टोमॅटियो लगेच बाहेर लावा’ असा सल्ला दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. (टोमॅटियो म्हणजे कागदी आवरणातलं, हिरव्या टोमॅटोसारखं मेक्सिकन फळ.) न्यू जर्सीत आमच्याकडे मे उजाडला की दुपार छान उबदार असते, पण रात्री पारा ७-८ अंशांवर येतो. रोप मरत नाही, नुसतं थिजून बसतं. पानांच्या कडा जांभळट होतात. मी एप्रिलअखेर लावलेली रोपं तीन आठवडे बोटभरही वाढली नव्हती. आता बी मार्चअखेर घरातच पेरते आणि रात्री सलग १० अंशांच्या वर राहायला लागल्या की, म्हणजे मेच्या उत्तरार्धात, रोपं बाहेर लावते. त्याआधी आठवडाभर रोज थोडा वेळ ऊन-वारा दाखवायचाच.

अजून एक सांगते: किमान दोन रोपं लावा, तीही बियांपासून वाढवलेली वेगवेगळी. टोमॅटोला स्वतःच्याच परागावर फळ धरतं, तसं याला धरत नाही. पहिल्या वर्षी माझं एकच झाड पिवळ्या फुलांनी लगडलं होतं, मधमाश्याही भरपूर. पण रसभरीसारखे ते हिरवे कागदी कंदील दाबून पाहिले, तर आत फक्त हवा!