अनुभव धागा: बडोद्यात बांधकामावर टेक्निशियन म्हणून काम करताना

भाची यंदा दहावी झाली आणि सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा म्हणते आहे. घरात सगळ्यांचा एकच धोशा, आधी बारावी सायन्स कर. आम्ही दांडिया बाजारातले. घरात वकील झाले, मास्तर झाले, बँकेत लागले, पण बांधकामावर कुणी गेलं नाही. तिला खरं काय ते सांगायला माणूस नाही. साईट सुपरवायझर, लॅबवाले, सर्वेअर, ड्राफ्ट्समन, कुणीही असाल तर लिहा. पगाराचे आकडे कुठेही मिळतील. दिवस कसा जातो, काय शिकलात, कुठे पस्तावलात, ते हवं आहे.

इमारतींच्या साईटवर, १७ वर्षं

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि आठवड्याभरात गोत्री रोडच्या एका साईटवर उभा होतो. कागदावर मला सगळं येत होतं. इथे गवंड्याला कडिया म्हणतात. एका म्हाताऱ्या कडियाने हातात ओळंबा दिला आणि भिंत बघायला सांगितली. मला ती सरळ दिसत होती. ओळंबा लावला तर खालीवर बोटभर फरक. तेव्हापासून नुसत्या नजरेवर मी काही पास करत नाही.

आपल्या कामाचा खरा दिवस म्हणजे स्लॅबच्या आदला दिवस. सळईचा व्यास, दोन सळयांमधलं अंतर, कव्हर ब्लॉक (सळईच्या बाहेर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, राहावं म्हणून ठेवायचे ठोकळे), टेकू, इलेक्ट्रिकचे पाईप, सगळं वाकून वाकून बघायचं. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते फक्त आपल्याला आणि सळई बांधणाऱ्याला माहीत. मग सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट धरून ठेवणारा साचा, काढायची घाई सुरू होते, कारण टेकूंचं भाडं चढत असतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखाली (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. पाचव्या दिवशी ठेकेदार चहा घेऊन येतो, तेव्हा तो कशासाठी आला आहे ते ओळखायचं आणि नाही म्हणायचं.

चूक सांगतो. तिसऱ्या वर्षी कॉलमच्या उभ्या सळया आवळणाऱ्या रिंगांचे हूक काटकोनात वाकवलेले होते, ड्रॉइंगमध्ये १३५ अंश होते. संध्याकाळ झालेली, शंभरावर रिंगा बांधून झालेल्या. मी सही केली. सकाळी सीनियरनी बॅटरी मारून पाहिलं आणि सगळ्या सोडायला लावल्या. ओरडले नाहीत. २६ जानेवारी २००१ ला तू कुठे होतास, एवढंच विचारलं. मी सहावीत होतो, झेंडावंदनाला रांगेत उभे असताना भूकंपाने जमीन हलली होती. सीनियर त्या आठवड्यात अहमदाबादला पडलेल्या इमारतींचे कॉलम बघत फिरले होते.

भाषेचं म्हणाल तर घरात मराठी, ऑफिसात गुजराती, सेंट्रिंगवाल्यांशी हिंदी. मजूर बहुतेक दाहोद, पंचमहाल, झाबुआकडचे, त्यांची बोली कानावर पडून थोडी यायला लागते. होळीला सगळे गावी जातात आणि साईट ओस पडते. होळीच्या तोंडावर स्लॅबची तारीख धरायची नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

काँक्रीट लॅब, ६ वर्षं

भाची आहे म्हणून लिहिते. मी लॅब टेक्निशियन आहे. काँक्रीटची गाडी आली की स्लंप, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते, बघायचा, १५० मिलिमीटरचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरायचे, त्यावर तारीख आणि मजला लिहायचा, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत. मग ताकद बघायला ७ दिवसांनी काही मशीनमध्ये दाबून फोडायचे, २८ दिवसांनी बाकीचे. ऐकायला कंटाळवाणं वाटेल. मला मात्र क्यूब फुटताना अजून छातीत धडधडतं, कारण तो आकडा म्हणजे महिन्यापूर्वी भरलेल्या कॉलमचा निकाल असतो आणि त्या कॉलमवर तोवर वरचे मजले चढलेले असतात.

मे महिन्यात गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, काँक्रीट घट्ट होतं, पंपवाले ड्रममध्ये पाण्याचा पाईप सोडतात. पाण्याने ते ओतायला सोपं होतं आणि ताकद जाते. एकदा मी अशी गाडी परत पाठवली. खूप बोलणी खाल्ली. दुसऱ्या एका वेळी माझ्यावर दबाव आला आणि मी गप्प बसले. २८ दिवसांचे क्यूब कमी आले, मग कॉलममधून कोअर, म्हणजे नळकांड्यासारखा तुकडा, काढून तपासणी, जॅकेटिंग (कॉलमभोवती नवा थर चढवणं), सगळं निस्तरावं लागलं. ते गप्प बसणं मला अजून सलतं.

पहिल्या दोन साईटवर बायकांसाठी संडास नव्हता. मी दिवसभर पाणी पीत नसे, मूतखडा झाला. तिला सांगा, मुलाखतीत हे स्पष्ट विचार. विचारायला लाजू नकोस. बूट स्वतःच्या मापाचे घे, साईटवर मिळतात ते सगळे पुरुषी मापाचे.

ड्राफ्ट्समन

आयटीआयमधून दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल केला. डिप्लोमाला प्रवेश नाही मिळाला तर ही वाट बंद समजू नका. मी आज सळईचं शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती लागेल त्याची यादी, काढतो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे झोपेत विचारा.

बुलेट ट्रेनच्या कास्टिंग यार्डात होतो

इमारतीपेक्षा वेगळी दुनिया. पुलाचा ४० मीटरचा एक गर्डर (तुळई), वजन ९७० टन, अख्खा एका वेळी भरायचा. सगळं लिखापढीने चालतं, शिस्त लागते. पण काम तेच तेच, पाळ्या रात्रीच्या, घर लांब. सुरुवात इमारतीवर करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पायापासून गच्चीपर्यंत सगळं नजरेखालून जातं.

जुन्या घरांची दुरुस्ती

पगार बुडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एका ठेकेदाराकडे तीन तीन महिने पगार मागे असायचा, नेमणुकीचं पत्र नव्हतं, पीएफ नव्हता. सोडलं तेव्हा हातात कागद एकही नाही, अनुभव दाखवणार कशाने? पत्राशिवाय रुजू होऊ नये.

आता मी रावपुरा, मांडवी भागात दुरुस्तीची कामं बघतो आणि या कामावर माझा जीव आहे. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, की जोत्याला तिरकी चीर. नव्या घरांना यासाठी खाली फुगा असलेले पाईल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घालतात, बुंध्याच्या अडीच पट रुंद फुगा, तो खालच्या स्थिर थरात घट्ट बसतो. जुन्या वाड्यांना तसं काही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. त्यानंतर लोकांनी ओल दिसू नये म्हणून चुन्याच्या भिंतींवर घाईने सिमेंटचा गिलावा चढवला. चुना श्वास घेतो, सिमेंट कोंडतं. ओल आतच राहिली, वर चढली आणि पोपडे धरले. मी ते खरवडून पुन्हा चुना लावतो. चुना मळणारे हात आता मोजकेच उरले आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली ती हातांना विद्या द्यायला. त्याच गावात चुन्याचा कारागीर शोधायला मला दोन दोन आठवडे लागतात. भाचीला हे काम बघायचं असेल तर आनंदाने दाखवीन.

भाचीचा मामा

सगळं तिला वाचून दाखवलं. संडासाचा मुद्दा तिच्या आईने वहीत लिहून घेतला. भाचीचा प्रश्न एकच आहे: काटकोनातला हूकसुद्धा घट्टच बसलेला असतो ना, मग १३५ अंश कशाला?

इमारतींच्या साईटवर, १७ वर्षं

तिला सांगा, भूकंपात कॉलम पुढेमागे हलतो तेव्हा पहिल्यांदा बाहेरचं कव्हर सुटून पडतं. काटकोनातल्या हुकाचं टोक त्या कव्हरमध्येच असतं. ते उघडं पडतं, रिंग उलगडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. १३५ अंशांचं टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं असतं, कव्हर गेलं तरी रिंग आवळलेलीच राहते. हाताने करून बघितलं की पटकन कळतं. रविवारी आमचं सळई वाकवायचं टेबल रिकामं असतं. सकाळी नऊला तिला घेऊन या, ८ मिलिमीटरचे तुकडे काढून ठेवतो. बूट घालून या, चप्पल नको.