मदत हवी आहे : सातेरीची पेटी चिडते ती वासाने की आठवणीने?

नमस्कार मंडळी. जावळीत घराच्या मागे माझ्या सातेरी (आपल्याकडची देशी जात) मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यातल्या एकीने सध्या झोप उडवली आहे.

जांभळाचा फुलोरा चालू असताना पेटीतली पोळ्याची चौकट उचलताना एक माशी हातमोज्यावर डसली. लगेच पिकल्या केळ्यासारखा वास आला आणि पाठोपाठ दहा-बाराजणी त्याच जागी येऊन डसल्या. हा धोक्याचा इशारा देणारा वास, आयसोपेंटाइल ॲसिटेट, हे मला माहीत आहे. पण त्यानंतर दर वेळी झाकण काढलं की त्या थेट हातावरच येतात. दुसरी पेटी मात्र शांत.

वाचताना न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचं 2007 चं संशोधन सापडलं. राणीच्या गंधातला एक घटक मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे तिच्या सहवासातल्या कोवळ्या कामकरी माश्या 'हा वास आला की त्रास होतो' हे शिकतच नाहीत, चांगल्या गोष्टी मात्र शिकतात. केवढी विलक्षण गोष्ट! पण तो अभ्यास युरोपियन मेलिफेरा माश्यांवरचा.

तर विचारायचं असं : माझ्या माश्या खरंच शिकल्यात, की मोज्यात तो वास मुरून राहिलाय? मोजे साबणाने धुऊन कुणाला फरक पडला का? राणी म्हातारी झाल्यावर सातेरीची वसाहत अशी चिडकी झाल्याचं कुणी पाहिलंय का? माश्या शांत करायला धूर जास्त द्यायचं मनात नाही, मधाला वास लागतो.

अनुभवी मधपाळांनी कृपया सांगा. राणी बदलायची घाई करायची नाहीये.