“फोर्ट’स वॉल्स” चुकीचं आहे का? निर्जीव नामांना अपॉस्ट्रॉफी-एस

शिंपला: सिंधुदुर्ग किल्ल्यावरची एक छोटी पुस्तिका इंग्रजीत करते आहे. मूळ वाक्य असं: “किल्ल्याच्या तटाच्या पायाच्या दगडांत शिसं ओतलं आहे.” तीन ‘च्या’ लागोपाठ आले तरी मराठी कानाला काही खटकत नाही. मी “फोर्ट’स वॉल्स” लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडलं आणि समासात शेरा मारला, “निर्जीव नामाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही.” आता माझ्या वाक्यात तीन ‘ऑफ’ आलेत: दगड ऑफ पाया ऑफ तट ऑफ किल्ला. वाचताना धाप लागते. हा नियम खरंच इतका कडक आहे का?

जुनी शाळा: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात स्पष्ट आहे: “लेग ऑफ द टेबल” म्हणा, “टेबल’स लेग” नको. सवलती ठरलेल्या आहेत. काळ, अंतर, वजन: “अ वीक’स हॉलिडे”, “अ स्टोन’स थ्रो”, “अ पाउंड’स वेट”. चेतनगुणोक्ती असेल तर “नेचर’स लॉज”, “अ‍ॅट डेथ’स डोअर”. शिवाय काही रूढ प्रयोग. किल्ला यात कुठेच बसत नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मुलांच्या हातात ठाम नियम दिला की ती निर्धास्त लिहितात, आणि त्या नियमाने कुणाचं इंग्रजी बिघडलेलं मी पाहिलं नाही.

रात्रपाळी: सर, आदर राखून सांगतो, त्याच पुस्तकात नियम मांडताना “चीफली” हा शब्द आहे. म्हणजे मुख्यत्वे. आपल्याकडे पाठ करताना तो गळला आणि मुख्यत्वेचं फक्त झालं. मी इंग्रजी वर्तमानपत्रात कॉपी तपासतो. “द सिटी’स रोड्स”, “द कंट्री’स इकॉनॉमी”, “द फिल्म’स डायरेक्टर” यांतलं एकही मी खोडत नाही, कुणीच खोडत नाही. मथळ्यात ‘ऑफ द’ला जागा कुठून आणायची? अमेरिकी वर्तमानपत्रांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्जीव नामांचा हा प्रयोग वाढलाच आहे.

जुनी शाळा: वर्तमानपत्राच्या जागेची अडचण म्हणजे व्याकरण नव्हे. शिवाय शहर, देश म्हणजे तिथली माणसंच. टेबलाचं काय?

धातुपाठ: टेबलाचंही होतं हो! जुन्या इंग्रजीत दगडाला ‘स्टान’ म्हणत आणि दगडाचा म्हणजे ‘स्टानेस’. सजीव-निर्जीव असा भेदच त्या प्रत्ययात नव्हता. ‘ऑफ’चा सुळसुळाट झाला तो १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडवर राज्य करायला आले आणि फ्रेंच ‘द’ची (de, म्हणजे ‘चा’; इंग्रजी ‘द’ नव्हे) सवय लागली म्हणून, असं मानतात. अपॉस्ट्रॉफी तर त्याहून खूप नंतर छापखान्यांतून आली, गळलेल्या अक्षराची खूण म्हणून. लोकांना वाटे की गळलेला शब्द ‘हिज’ आहे, “द किंग हिज क्राउन”चं “किंग’स क्राउन” झालं. १७११ मध्ये अ‍ॅडिसनसारख्या लेखकानेही तसंच मानलं. ते चूक होतं, पण बघा, सजीवांचाच प्रत्यय ही समजूत तिथूनच आली असणार.

रात्रपाळी: शेवटचं वाक्य तुमचा तर्क आहे की कुठे वाचलंय?

धातुपाठ: तर्क माझा. पण ‘इट्स’ घ्या. निर्जीवाचं सर्वनाम, त्याची षष्ठी पूर्वी ‘हिज’ होती! १६११च्या बायबलमध्ये झाडाचं फळही “हिज फ्रूट” आहे. ‘इट्स’ रुळल्यावर त्यात अपॉस्ट्रॉफी घालत. अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेतसुद्धा “त्याचे” या अर्थी अपॉस्ट्रॉफीसकट “इट’स” आहे. आज ते लिहिलं तर सर लाल रेघ ओढतील.

जुनी शाळा: ओढीनच. आजची परीक्षा आजच्या नियमाने द्यायची.

शिंपला: मंडळी, माझं वाक्य! मी आता “द फाउंडेशन स्टोन्स ऑफ द फोर्ट’स वॉल्स” असं केलंय. एक समास, एक ‘ऑफ’, एक अपॉस्ट्रॉफी.

बंदरावरून: ताई, थांबा. “फाउंडेशन स्टोन” म्हणजे कोनशिला. वाचणाऱ्याला वाटेल मंत्र्यांनी बसवलेल्या दगडात शिसं ओतलं. आणि इथे तर घोळ जास्तच होईल, कारण १६६४ साली पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर वेगळा आहे. पर्यटक तोच समजतील. समास केला की नुसती षष्ठी लपत नाही, अर्थच सरकतो. “कॉफी कप” आणि “कप ऑफ कॉफी” एक नाही, तसं. सरळ “द फाउंडेशन्स ऑफ द फोर्ट’स वॉल्स” करा, दगड सोडून द्या.

रात्रपाळी: हे उत्तम. लांबलचक मालक असला की ‘ऑफ’, आटोपशीर असला की अपॉस्ट्रॉफी, हे खरं तारतम्य. शेवटी ‘स’चा उच्चार असला तरी ‘ऑफ’च बरा. “क्रायसिस’स” म्हणून बघा, जीभ अडखळते.

जुनी शाळा: तारतम्य असलेल्यांना नियम लागतच नाहीत. आपली मराठी पाहा, रामाचा पाय, टेबलाचा पाय, भेद नाही, म्हणून आपल्याला इंग्रजीतला भेद मुद्दाम शिकावा लागतो. एवढंच माझं म्हणणं.

बंदरावरून: मराठीत भेद आहे सर, दुसरीकडे आहे. “मी मुलाला पाहिलं”, पण “मी टेबल पाहिलं”. टेबलाला पाहिलं असं कुणी म्हणत नाही.

धातुपाठ: आणि ‘चा’ही वाटतो तितका सरळ नाही. तो संस्कृत ‘त्य’पासून आला, ‘दाक्षिणात्य’मधला. म्हणजे मुळात “तिथला, तिकडचा”. मालकी नंतरची.

वऱ्हाडी: ‘कृत्य’पासून आला असंही मानतात. एकाच बाजूने निकाल देऊ नका.

धातुपाठ: मग “घरचा” आणि “घराचा” हे दोन कसे झाले सांगा. घरची माणसं, पण घराची भिंत. गावचा पाटील, पण गावाचा नकाशा. निर्जीव नाम तेच, षष्ठ्या दोन. जिथे सामान्यरूप होत नाही तिथे “तिथला” हा जुना अर्थ टिकलाय.

वऱ्हाडी: आमच्याकडे नागपूरची संत्री. नागपुराची म्हटलं तर कानाला कसंतरी लागतं. पण अकोल्याचा कापूस, अकोलाचा नाही. तिथे तुमचा “तिथला” अर्थ कुठे गेला?

धातुपाठ: अकोला आकारान्त आहे.

वऱ्हाडी: म्हणजे अर्थ नाही, शेवटचा स्वर ठरवतो. मग घर आणि गाव यांचे दोन-दोन का?

शिंपला: “किल्ल्याचा”ला असं दुसरं रूप का नाही हेही सांगाल का कुणी? “गडचा” मी कधी ऐकलं नाही, “गडावरचा” ऐकलंय.