शाळेतला क्लब: एकाला होकार, दुसऱ्याला नकार?

सायली_न्यूजर्सी:
लेक इथे अमेरिकेत पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलमध्ये अकरावीला आहे. तिला आणि तीन मैत्रिणींना आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर गीता वाचायची आहे. चौघींनी सह्या करून अर्ज दिला. ऑफिसचं उत्तर: ‘धार्मिक क्लबला शिक्षक देता येत नाही, शिवाय तुम्ही चौघीच आहात.’ ऑफिसबाहेरच्या फळ्यावर मात्र बुद्धिबळ आणि ॲनिमे क्लबच्या वेळा लावलेल्या आहेत. लेक दोन दिवस गप्प आहे.

वाटसरू:
दोन्ही कारणं चुकीची आहेत. १९८४ चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट बघा. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या हायस्कूलने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब भरू दिला, तरी मग धर्म किंवा राजकीय मत बघून दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मुलं कमी आहेत म्हणूनही नाही. हे कायद्यातच लिहिलंय. ओमाहाच्या वेस्टसाइड हायस्कूलमध्ये स्कूबा डायव्हिंगचा क्लब चालायचा, पण ख्रिश्चन क्लबला शिक्षकाचंच कारण सांगून नकार दिला. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल शाळेच्या विरोधात दिला. शिक्षक नुसता देखरेखीला बसला म्हणजे शाळेने धर्माची बाजू घेतली असं होत नाही.

मंजिरी_क:
कायदा असेल, तरी मला पटत नाही. आमच्या शाळेत बाहेरची तरुण मंडळी दर आठवड्याला पिझ्झा घेऊन येतात आणि प्रार्थना घेतात. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. सगळे मित्र जातात, मग हा एकटा बाहेर कसा बसणार? त्यापेक्षा शाळेने फक्त अभ्यासाचे क्लब ठेवावेत. फ्रेंच शिकवता, तर फ्रेंच क्लब. बाकी सगळं घरी आणि देवळात.

वाटसरू:
मंजिरीताई, तुमच्या शाळेत चाललंय ते नियमात बसतच नाही. क्लब मुलांनीच काढायचा आणि मुलांनीच चालवायचा. बाहेरच्यांनी तो चालवायचा नाही, नेमाने यायचंही नाही. लेखी तक्रार करा.
आणि सगळंच बंद करायचा प्रयोग सॉल्ट लेक सिटीने केला आहे. १९९६ मध्ये समलिंगी मुलांच्या क्लबला जागा द्यावी लागू नये म्हणून बोर्डाने अभ्यासाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले. ते पुन्हा सुरू व्हायला २००० साल उजाडलं. तेवढ्यात एक अख्खी बॅच शाळेतून बाहेर पडते.

मंजिरी_क:
तक्रार करतेच. पण बाहेरचे आले नाहीत तरी मित्रांचा दबाव राहतोच ना? त्याला कुठला कायदा पुरणार? माझं मत तेच आहे. आणि शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या शिक्षकांचा विचार कोणी करत नाही.

वाटसरू:
शिक्षकांचं म्हणणं रास्त आहे. ज्या विषयाला मन राजी नाही, तिथे बसायची सक्ती कायदाही करत नाही. सायलीताई, अर्ज पुन्हा देताना तयार असलेला शिक्षक आधी शोधा.

सायली_न्यूजर्सी:
लेकीच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी होकार दिलाय. उद्या शेजारच्या वर्गात नास्तिकांचा क्लब भरला, तर माझी हरकत नसेल. तसं लेकीलाही सांगितलंय. सोमवारी अर्ज पुन्हा देतोय, आणि या वेळी उत्तर लेखी मागतोय.