अनुभव धागा : आफ्रिकेतलं काय मनात राहिलं?

केनियाहून परतल्यावर जो तो एकच विचारायचा, "सिंह दिसला का?" दिसला की! पण डोळे मिटले की समोर येते ती मारा नदी.

काठावर साडेतीन तास जीपमध्ये बसून होतो. पलीकडे विल्डबीस्टचा, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचा कळप वाढतच चाललेला, नुसती धूळ आणि हुंकार. पुढची मादी पाण्यापर्यंत उतरायची, हुंगायची, एक खूर भिजवायची आणि गर्रकन मागे वळायची. की सगळा कळप पुन्हा चढणीवर! सहा वेळा असंच झालं. सातव्यांदा एकीनं उडी टाकली आणि मग कुणी थांबलंच नाही. मला वाटायचं, मगरीच सगळ्यांना मारतात. प्रत्यक्षात कितीतरी जनावरं चेंगरून, बुडून मरतात, आणि त्यांच्यावर गिधाडं, करकोचे, मासे सगळे जगतात. पावसामागे, कोवळ्या गवतामागे १० लाखांहून जास्त विल्डबीस्ट दरवर्षी ही फेरी करतात. त्या एका मादीची घालमेल मात्र मी विसरणार नाही.

तुमच्या मनात काय राहिलं? यादी नको, एखादाच क्षण सविस्तर लिहा.

*

माझा क्षण अगदी उलटा, गर्दी नसलेला. नामिबच्या वाळवंटात किनाऱ्याकडून पहाटे धुकं आत येतं. वाळूच्या कड्यावर एक काळा भुंगा डोकं खाली, पाठ वर करून उभा होता. पाठीवर धुक्याचे थेंब जमले, ओघळले, थेट तोंडात! पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून हे असं पाणी पिणं. मी वाळूवर पालथी पडून पाहत राहिले. तिथेच वेल्विचिया नावाची वनस्पती पाहिली. जन्मभर दोनच पानं, वाऱ्यानं फाटून चिंध्या झालेली, आणि काहींचं वय हजार वर्षांहूनही जास्त.

*

बोत्स्वानातला ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश. जुलैत गेलो, पावसाचा टिपूस नाही आणि चहूकडे पूर! अंगोलाच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेलं पाणी काही महिन्यांनी तिथे पोचतं. ही नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळवंटातच संपते. मोकोरो होडीत बसलं की कमळाची पानं डोळ्यांच्या रेषेत येतात.

*

युगांडातलं ब्विंडीचं जंगल. चार तास चिखलातून चढण, आणि गोरिलांजवळ फक्त एक तास. मास्क सक्तीचा, कारण आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते. थोराड नर देठ सोलून खात होता, बोटांची नखं अगदी माणसासारखी. २०१८ मध्ये डोंगरी गोरिलांची संख्या हजारावर गेली, हे वाचलं तेव्हा घरच्या कुणाची खुशाली कळावी तसं वाटलं.

*

इथिओपियातले सिमेन डोंगर. शेकडो जेलाडा माकडं कड्यावर बसून गवत उपटत होती. वारा पडला की तेवढाच आवाज : चरर्, चरर्, चरर्.