म्हणे ‘.३०० विन मॅगचा जमाना गेला’!

यावलकर
परवा इथे एकाने लिहिलं: ‘पुतण्या अमेरिकेत कोलोराडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला निघालाय, रायफल तिथेच घेणार. त्याला ७ पीआरसीच घे म्हणून सांगितलंय. .३०० विन मॅग म्हाताऱ्यांची, .३०-०६ भंगारात. पाचशे यार्ड म्हणजे डोळे झाकून.’ (ही तिन्ही रायफलीच्या काडतुसांची नावं; विन मॅग म्हणजे विंचेस्टर मॅग्नम, जास्त जोराचं.) डोळे झाकूनच लिहिलेलं दिसतंय.

.३०० विन मॅग १९६३ ची. १८० ग्रेनची (सुमारे १२ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे २९६० फुटांनी सुटते. २०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर ३०० वर साधारण ७ इंच खाली जाते, ४०० वर २०, ५०० वर ३८. १९०६ ची .३०-०६ तीच गोळी २७०० ने फेकते आणि ५०० वर ४८ इंच खाली येते. फरक दहा इंचांचा. दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम हलवायच्या चकतीवर, पाव मिनिटाचे (कोनाचं मिनिट) आठ क्लिक, बस्स. एवढ्यासाठी खांदा कशाला सुजवून घ्यायचा? आठ पौंडी रायफलीत .३०-०६ चा झटका सुमारे २० फूट-पौंड, .३०० चा २८. पोरगं दुसऱ्याच बाराला डोळे मिटायला लागतं, मग गोळी पोटात बसते.

आडवा_वारा
पोस्ट माझीच. गोळी किती खाली जाते ते कुणीही मोजेल भो, वाऱ्याचं काय? ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर .३०० च्या १८० ग्रेनला १७ इंच ढकलतो. ७ पीआरसीची १७५ ग्रेनची लांबट गोळी ३००० ने जाते, हवा कापायचा जी१ गुणांक .६८९ (जास्त तितका चांगला), ती ११ इंचच सरकते. एल्कच्या छातीत फुप्फुस-काळजाची जागा १५-१६ इंचांची. आता सांगा, वाऱ्याकडच्या कडेवर नेम धरला तर कुठली आत बसते?

शिवाय .३०० च्या केसची (काडतुसाच्या पितळी खोळीची) मान, म्हणजे गोळी धरणारा भाग, .२६४ इंच, म्हणजे गोळीच्या जाडीपेक्षाही आखूड. २०० ग्रेनची लांब गोळी लावली की तिचं बूड दारूत घुसतं. ७ पीआरसी २०२२ ची, लांब गोळ्यांसाठीच बेतलेली. भरलेलं काडतूस ३.३४० इंच, .३०० एवढंच, त्याच ॲक्शनमध्ये (रायफलीच्या काडतूस भरायच्या यंत्रणेत) मावतं.

नळी_साफ
आणि ७ पीआरसीच्या केसला बुडाशी पट्टा (उंच कडं) नाही, हे विसरलात! .३०० चा पट्टा .३७५ एच अँड एच या जुन्या काडतुसाकडून आलेला. १९१२ च्या त्या केसचा खांदा (मानेखालचा उतार) उतरता होता, म्हणून काडतूस पट्ट्यावर अडवायचे. .३०० चा खांदा चांगला ठसठशीत, तिथे पट्टा म्हणजे पायजम्याला नाडीही आणि वर बेल्टही. त्रास वापरलेली केस पुन्हा भरताना. डाय (केस घडवायचा साचा) तळापर्यंत दाबून खांदा दरवेळी मागे ढकलला की बार उडताना पितळ पट्ट्याच्या वर ताणलं जातं. तीन-चार वेळांत तिथे चकचकीत कडं दिसतं, पुढच्या बाराला केस तुटून अर्धी चेंबरमध्ये. उपाय एकच: खांदा फक्त दोन हजारांश इंच मागे घ्यायचा, आणि तारेचं टोक वाकवून आतून खाच लागते का ते चाचपायचं.

केळीबाग_रावेर
कोलोराडोचं कौतुक पुरे. इथे रोही (नीलगाई) मका लोळवतात, रानडुकरं केळीचे कंद उकरतात, त्याला कुठली मॅग्नम लावता ते सांगा! आमच्या नशिबी .३१५ रायफल, २४४ ग्रेनची बोथट गोळी. .३०३ सरकारी बोअर (फौजेचं माप) म्हणून आम्हाला बंद, आणि वरणगावच्या कारखान्यात काडतुसं होतात ती फौजेची. त्यातही २०१९ पासून परवान्यावर तीनाऐवजी दोनच हत्यारं.

यावलकर
धागा एल्कचा आहे, भाऊ.

केळीबाग_रावेर
असू दे ना! एल्क तुमच्या बांधावर येतो का?

बाराबोर
रावेरकर, मॅग्नम मिळाली तरी तापीकाठी चालवू नका. सपाट रान, मागे टेकडी नाही, चुकलेली गोळी दोन गावं ओलांडते. माळ्यावरून खाली तोंड करून मारा, म्हणजे गोळी मातीत जाते. तीस यार्डांच्या आत बाराबोर बंदूक आणि एलजी (जाड छर्ऱ्यांचं काडतूस) बरी. त्यापुढे छर्रे पांगतात, डुक्कर जखमी होऊन केळीत शिरतं आणि सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसावर उलटतं.

नळी_साफ
आणि हे सगळं परवानगी हातात असेल तर. १ एप्रिल २०२३ पासून रोही आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये. कलम ११ खाली लेखी आदेश लागतो. मेलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारचं, वाटे घालायला बसलात तर तुमचाच पंचनामा.

केळीबाग_रावेर
म्हणजे पीक आमचं, कारतूस आमचं, डुक्कर सरकारचं. वा रे न्याय!

यावलकर
वळा आता मूळ मुद्द्याकडे. वाऱ्याचे सहा इंच मान्य. पण वारा दहाचा की पंधराचा हे सांगतं कोण? जनावराजवळचा वारा नळीजवळच्या वाऱ्यासारखा नसतो. गोळीला ५०० यार्ड जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो. त्यात डोंगर. ३० अंशांच्या उतारावर ५०० ला ०.८७ ने गुणा, ४३५ चाच नेम धरायचा. हे कुठल्याही काडतुसाच्या खोक्यात मिळत नाही.

आडवा_वारा
मग .३०-०६ ची तांब्याची गोळी ५०० वर १९०० च्याही खाली येते, ती नीट उमलेलच असं नाही, आरपार भोक पाडून जाऊ शकते, त्याचं काय? पुतण्याच्या मित्राने ७ पीआरसीने ६२० वर जागच्या जागी बसवलाय.

यावलकर
मित्राच्या एका एल्कवरून नियम होत नाही. तांब्याचं मात्र बरोबर आहे, .३०-०६ ला ४०० ची हद्द घाला. आणि तुमची ती पातळ कवचाची १७५ ग्रेन ५० यार्डांवर खांद्याच्या हाडाला लागली की वरच्यावर चुरा होतो, ते सोयीने गाळलंत. दाट झाडीत एल्क पन्नासवरही उठतो. घ्यायचीच तर बॉन्डेड (कवच शिशाला सांधलेली) गोळी घ्या.

बाराबोर
कायद्याचंही बघा. कोलोराडोत एल्कला .२४ बोअर, ८५ ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड एवढंच किमान. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशन (शिकार-प्रशिक्षण) कार्ड सक्तीचं. अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग, डोक्यावरही. पुतण्याकडे कार्ड आहे का?

आडवा_वारा
...विचारतो.
बरं, ७ पीआरसी, बॉन्डेड गोळी, ४०० च्या आत, आधी शंभर बार कागदावर. झालं समाधान? वारा मात्र ५०० वर ११ इंचच, लिहून ठेवा.

केळीबाग_रावेर
शंभर बार! तेवढ्यात माझी दोन एकर वाचली असती.